एका दिवसात दोन खोरी : लोहारा ते तुळजापूर

सहल म्हटली की लोहाऱ्याची मुलं वेरूळ, दौलताबाद, विजापूर आणि हैदराबाद ही नावं घेतात. त्यात गैर काही नाही. पण आपल्या उंबऱ्यापासून तासाभरावर काय आहे हे ठाऊक नसताना चारमिनार पाहून आलं, तर इतिहास नेहमी दुसऱ्याच्या गावात घडतो अशी समजूत पक्की होते. म्हणून गेल्या जानेवारीत आठवी-नववीच्या मुलांना एका दिवसाची सहल सुचवली. माकणी, सास्तूर, हिप्परगा, नळदुर्ग आणि शेवटी तुळजापूर. सवलतीतली एसटी, घरचा डबा, आणि वाटाड्या मीच. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझं वाटाडेपण जरा शब्दांच्या अंगाने जातं. वाचकांनी ते सांभाळून घ्यावं.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा तूर निघाली होती. जिथे विहिरीला पाणी होतं तिथे हरभरा हिरवा दिसत होता, बाकी सगळं करड्या रंगाचं. एका मुलाने खिडकीतून पाहत विचारलं, "सर, अपना इलाका रेगिस्तान है क्या?" प्रश्न चांगला होता. मराठीत रेगिस्तानाला आपण वाळवंट म्हणतो. पण जुन्या मराठीत वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू, जिथे वारकरी जमतात ते. म्हणजे आपल्या भाषेतलं वाळवंट पाण्याला लागून आहे! खऱ्या कोरड्या जमिनीसाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत : माळ, माळरान, बरड, मुरमाड. थरच्या वाळवंटात वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. धाराशिव जिल्ह्यात सरासरी सातशेच्या आसपास पडतो. म्हणजे हे वाळवंट नाही. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. त्यातून खाली काळा बेसाल्ट, वर अनेक ठिकाणी हातभर माती, त्यामुळे पडलेलं पाणी थांबत नाही. या भागाचा इतिहास पुष्कळसा या थांबवण्याच्या खटपटीचा आहे.

आपण ज्या डोंगररांगेत राहतो तिचं नाव बालाघाट. यातला 'बाला' फारसी आहे, अर्थ 'वरचा'. 'घाट' आपला. घाटावरचा मुलूख तो बालाघाट, घाटाखालचा तो पायनघाट. ही नावं मुघल काळातल्या कारभारात रुळली. डोंगराच्या नावातच दोन भाषा शेजारी बसल्या आहेत, आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. मुलांना मी आणखी एक जोडी सांगितली : खरीप आणि रब्बी. दोन्ही अरबी. खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. अरबस्तानातल्या ऋतूंची नावं आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी इतकी बसली, की ज्वारीच्या पेऱ्याला रब्बी म्हणताना कुणालाही ती परकी वाटत नाहीत. तालुका, जिल्हा, मौजे, महसूल हे शब्दही त्याच वाटेने आले.

पहिला थांबा माकणी. इथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. धरणाच्या भिंतीवर उभं राहून मी मुलांना नदीच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. याच तेरणेच्या काठी वर तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' म्हणून ओळखली जाते. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर सांगितलं आहे. तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरात नेत. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं. तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांची समाधी आणि लामतुरे संग्रहालय यांच्यासाठी वेगळा दिवस काढायला हवा. पण रोमपर्यंत ज्या गावाचा माल गेला, त्या गावाचं पाणी आपल्या तालुक्यात येऊन अडतं, एवढं मुलांनी लक्षात ठेवलं तरी पुरे.

माकणीहून सास्तूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्याला देश किल्लारीचा भूकंप म्हणतो. किल्लारी शेजारच्या लातूर जिल्ह्यात आहे. पण आमच्या भागातली सास्तूर, होळी, राजेगाव ही गावंही त्याच पहाटे कोसळली. एकूण सुमारे आठ हजार माणसं गेली. माझ्या वर्गातल्या मुलांपैकी कुणाचाही तेव्हा जन्म नव्हता. त्यांना ही गावं नव्या आखणीचीच माहीत आहेत. सरळ रस्ते, सारख्या मापाची घरं, चौकात पाण्याची टाकी. जुन्या गावात ओळ अशी नव्हतीच. गल्ल्या वळत वळत वेशीपर्यंत जात.

इतकी माणसं का गेली, हे मुलांना नीट समजावं असं मला वाटत होतं. धक्का मोठा होताच, पण घरांची बांधणी हेही मोठं कारण होतं. आपल्याकडे माळवदाची घरं : जाड दगडी भिंती, दगड बहुतेक न घडवलेले, सांध्यात नुसता चिखल, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो. या हवेत ती बांधणी शहाणपणाचीच होती. पण भिंत हलली की गोल दगड निखळतात आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसावर येते. शिवाय दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, असाच तेव्हा समज होता. भिंतींमध्ये बांधून काढणारे दगड घालणं, लिंटेलच्या उंचीवर काँक्रीटचा पट्टा फिरवणं, छताचं ओझं कमी करणं, या साध्या गोष्टींनी जीव वाचतात. त्या दिवशी मुलांनी आपापल्या घरातल्या भिंती आठवून पाहिल्या. कुणाच्या घरी अजून माळवद आहे, ते हात वर करून सांगितलं. हात बरेच वर आले.

तिसरा थांबा हिप्परगा. इथे पाहायला भव्य काही नाही, म्हणून सहली थांबत नाहीत. पण १९२१ च्या सुमारास, असहकाराच्या दिवसांत, निजामाच्या राज्यातल्या या खेड्यात एक राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे तिचे मुख्याध्यापक झाले व्यंकटेश खेडगीकर. त्यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व ज्यांनी केलं, ते आधी आमच्या तालुक्यातले मास्तर होते, हे सांगताना मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो.

पण इथे उर्दूच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या दरबारात आणि कचेऱ्यांत फारसीच्या जागी उर्दू आली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू. विज्ञान, वैद्यक आणि कायदा एका भारतीय भाषेत शिकवण्याचा तो फार मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी झालेलं भाषांतराचं काम आजही थक्क करतं. पण राज्यातली बहुसंख्य जनता तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. मराठी घरातल्या मुलासाठी उर्दू ही गालिबची भाषा नव्हती, ती तहसील कचेरीची भाषा होती. हिप्परग्याच्या शाळेचं महत्त्व त्यातून कळतं. मला जी भाषा प्राणप्रिय आहे ती कुणावर तरी लादली गेली होती, हे उर्दू शाळेतल्या मुलांना उर्दूच्या शिक्षकानेच सांगावं असं मला वाटतं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ते टोमण्यासारखं ऐकू येतं. आणि आज आपली मातृभाषा शाळेत टिकावी असं ज्यांना वाटतं, त्यांना तेव्हाच्या मराठी पालकांचं दुखणं सर्वांत आधी कळायला हवं.

तिथेच पारावर बसून १९४८ चा विषय निघाला. तो टाळता येत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. ते पुस्तकात आहे आणि असायलाच हवं. १३ सप्टेंबरला फौजा आल्या, १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं. आमच्या भागाला स्वातंत्र्य त्या दिवशी मिळालं. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, ते मात्र पुस्तकात नाही. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने राज्यभर फिरून अहवाल दिला. सूडाच्या लाटेत सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिने गुलबर्गा, बीदर आणि नांदेडसोबत उस्मानाबादचं नाव लिहिलं. हा अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही. त्याच अहवालात, हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांना आसरा दिल्याच्याही नोंदी आहेत.

मी मुलांना हे सगळं एका दमात सांगितलं, रझाकारांपासून शेजाऱ्यांपर्यंत. अर्धं सांगितलं तर अर्धवट राग तयार होतो. घरात आजी-आजोबा जे पुटपुटतात ते मुलं ऐकतातच. त्याला मागचा-पुढचा धागा जोडून देणं शिक्षकाच्या हातात असतं. एका मुलीने विचारलं, "सर, ज्यांनी आसरा दिला त्यांची नावं कुठे लिहिलीत?" मी तिला गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून आणायचं काम दिलं आहे. ते काम अजून चालू आहे.

हिप्परग्याहून नळदुर्गकडे निघालो की वाटेत कुठेतरी, पाटी नाही, खूण नाही, पण एक सीमा ओलांडली जाते. माकणीला अडवलेली तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. नळदुर्गची बोरी नदी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे या माळावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब वेगवेगळ्या नद्यांमधून बंगालच्या उपसागरात जातात. मुलांनी गाडीत खिडक्यांच्या बाजू वाटून घेतल्या, ही गोदावरीवाल्यांची आणि ती कृष्णावाल्यांची. नळदुर्ग येईपर्यंत भांडण चाललं.

वाटेतल्या डोंगरउतारावर तांडे दिसतात. एका तांड्यावर पाण्यासाठी थांबलो. नायकांच्या घरच्या काकूंनी मुलांना ओट्यावर बसवलं, हंडा पुढे केला आणि वर म्हणाल्या, "सावकाश प्या, घाई करू नका, ठसका लागेल." लमाण हे नाव लवणापासून आलं असं सांगतात. मीठ आणि धान्य हजारो बैलांच्या पाठीवर लादून हा समाज सारा दख्खन तुडवत असे. मुघलांच्या फौजा त्यांच्यावर जेवल्या, आणि १८०३ च्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्यही. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि बैलांचे तांडे थांबले. जिथे थांबले तिथली चांगली जमीन आधीच कुणाची तरी होती, म्हणून तांडा बहुधा बरडावर दिसतो. अशा तांड्यांवरची कितीतरी घरं दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद असतात. माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. ज्यांनी सैन्यांना धान्य पुरवलं, त्यांची नातवंडं कारखान्यांना ऊस पुरवतात. आमच्या वर्गातही जानेवारीत काही बाक रिकामे असतात, ते याच कारणाने.

दुपारी नळदुर्ग. किल्ला जुना, बहमनी काळातही होता; आज दिसणारी चिरेबंदी तटबंदी मुख्यतः आदिलशाही काळातली. पण इथे यायचं ते पाणीमहाल पाहायला. बोरी नदीवर आडवी भिंत घालून मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ जोडला आहे. ही भिंत म्हणजे बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात जिने उतरून जायचा महाल. पावसाळ्यात बंधारा भरला की दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या सज्जात उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोर आणि माणूस कोरडा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थपतीने हे काम केलं, असं तिथला फारसी शिलालेख सांगतो. मुलांना लेखाची अक्षरं दाखवली. उर्दू वाचता येत असल्याने त्यांना काही शब्द ओळखू आले आणि चारशे वर्षांपूर्वीचा दगड एकदम शेजारी येऊन बसला.

आम्ही गेलो तेव्हा धबधबा नव्हता. जानेवारीत नसतोच. मुलं थोडी हिरमुसली, पण बांधकाम पाहायला कोरडा बंधारा अधिक चांगला. घडीव दगड, चुन्यात बसवलेले, सांध्यात नखही जाणार नाही. सकाळी सास्तूरला चिखलातल्या गोल दगडांची गोष्ट ऐकलेली होती, त्यामुळे फरक कुणी समजावून सांगावा लागला नाही. एकाने विचारलं, "इत्ते बडे फत्तर उपर कैसे चढाए उनों?" कठडे, उतरंडी, बैल, हत्ती आणि पुष्कळ माणसं, असं मी सांगितलं. शिलालेखात शहाचं नाव आहे, स्थपतीचं नाव आहे. पाथरवट, वडार, चुना मळणारे आणि पाणी वाहणारे यांची नावं नाहीत, आणि ते सगळे याच मुलखातले असणार.

हा इब्राहिम आदिलशहा संगीतवेडा. 'किताब-ए-नवरस' हा दख्खनी भाषेतला गीतसंग्रह त्याचा, आणि त्याच्या सुरुवातीलाच सरस्वतीला वंदन आहे. त्याला जगद्गुरू म्हणत. मुलांना हे सांगताना मला फार आनंद होतो, कारण 'उनों' आणि 'फत्तर' असं बोलल्याबद्दल त्यांना बाहेर हसतात. त्यांच्या घरची बोली एका राजाच्या कवितेची भाषा होती. पण आनंदाच्या भरात एक प्रश्न विसरू नये : या बंधाऱ्याचं पाणी कुणाला मिळालं? किल्ल्याला, फौजेला, महालाला. पुढे काही वर्षांतच, १६३० ते १६३२ मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, गावं ओस झाली. इतकी विद्या असूनही ती माळावरच्या शेतापर्यंत पोचली नव्हती. राजा हिंदू की मुसलमान, यापेक्षा पाणी तटाच्या आत राहिलं की बाहेर गेलं, हा प्रश्न आमच्या भागासाठी जास्त कामाचा आहे.

तो जुना झालेलाही नाही. १९७२ च्या दुष्काळात याच माळावर लोकांनी खडी फोडली. रोजगार हमी त्या दिवसांतून उभी राहिली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर. चारशे वर्षांपूर्वी नदीच्या पोटात कोरडा महाल बांधणाऱ्या मुलखाला, अडीचशेहून अधिक किलोमीटरवरून पाणी मागवावं लागलं.

नळदुर्गची आणखी एक गोष्ट. १८५३ मध्ये निजामाकडच्या कर्जापोटी हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये परत आला. मधल्या काळात इथला कारभार मेडोज टेलर पाहत होता. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो प्रसिद्ध आहे. त्याच्या 'तारा' या कादंबरीत आपलं तुळजापूर आहे. पुढे निजामाच्या राज्यात नळदुर्ग जिल्ह्याचं ठाणं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते धाराशिवला हललं, मग त्या गावाला उस्मान अली खानाचं नाव मिळालं, आणि आता पुन्हा धाराशिव. जिल्ह्याचं नाव बदलतं, ठाणं बदलतं. बोरी त्याच दगडांवरून उतरते.

शेवटचा थांबा तुळजापूर. गाव बालाघाटाच्या कड्यावर वसलेलं, देऊळ पायऱ्या उतरून खाली. वाटेवर गोमुख तीर्थ आणि कल्लोळ तीर्थ. या कोरड्या डोंगराच्या कडेला पाणी मिळणं हीच केवढी गोष्ट आहे, हे दिवसभर फिरल्यावर कळतं. आमच्यातली काही मुलं दारापाशीच थांबली, काही आत जाऊन आली. बाहेर बांगड्या, कुंकू, कवड्यांच्या माळा आणि पेढे यांची दुकानं. त्यांतल्या एका दुकानदार चाचांनी मुलांची भाषा ऐकून गाव विचारलं, लोहारा म्हटल्यावर चहा पाजला.

मावळतीला घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवली. खाली सोलापूरकडचं मैदान, धुळीत दिवे लागत होते. मी मुलांना घरचा अभ्यास सांगितला : आपल्या घराचं किंवा शेताचं पाणी कोणत्या ओढ्याला जातं, तो ओढा कोणत्या नदीला, आणि ती गोदावरीची की कृष्णेची, हे घरातल्या मोठ्यांना विचारून नकाशा काढायचा. ज्यांच्या गावात जुनी बारव किंवा आड असेल त्यांनी त्याची खोली, पायऱ्यांची संख्या आणि पाणी कधी आटतं ते लिहायचं. आतापर्यंत एकोणीस नकाशे आले आहेत. त्यांतले चार असे, की घरच्या मोठ्यांनाही ओढ्याचं नाव आठवलं नाही. ती चार नावं शोधायची राहिली आहेत.